दुपारी सर्ज, सकाळी का नाही? : सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर बाळगणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की वाचकांचे तेच प्रश्न परत येतात. सकाळच्या शिफ्टला गुमान चालणारं मशीन दुपारी दोननंतर सर्ज होऊन अनलोड का होतं? दोन हजार सीएफएमचं मशीन आहे, मागणी तेराशेवर आली, तरी विजेचं बिल खाली का येत नाही? आणि सर्व्हिसला आलेला माणूस ‘इंपेलर गेला, बदला’ म्हणतो, तर बदलावा का?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच जागी आहे. इंपेलरच्या बाहेरच्या काठापासून डिफ्यूझरच्या शेवटापर्यंतची जी जेमतेम सहा-सात सेंटिमीटरची पट्टी असते, तिथे हवा कशी वागते यावर हे सगळं ठरतं. ती पट्टी तुम्हाला उघडून बघावी लागणार नाही. पण तिथे काय चाललंय याचा अंदाज असला तर निम्म्या तक्रारी तुम्ही पॅनलसमोर उभं राहूनच सोडवाल.

हा लेख कारखान्यात सात किलो प्रेशरची हवा देणाऱ्या, गिअरवर चालणाऱ्या, तीन टप्प्यांच्या ऑइल-फ्री मशीनबद्दल आहे. गाडीतला टर्बो आणि रिफायनरीतले गॅस कॉम्प्रेसर यांना तत्त्व तेच लागू पडतं, मात्र त्यांचे निर्णय वेगळे असतात.

इंपेलरच्या काठावर काय घडतं

पावसात ओली छत्री गरगर फिरवली तर थेंब काड्यांच्या टोकावरून सरळ बाहेर जात नाहीत, फिरण्याच्या दिशेला तिरके उडतात. इंपेलरमधून हवा तशीच सुटते.

एक नमुना घेऊ. इंपेलरचा व्यास २०० मिमी, फेरे मिनिटाला ३१,५००, मागे ३० अंश झुकलेली सोळा पाती. त्याच्या काठाचा वेग सेकंदाला ३३० मीटर होतो. हवा बाहेरच्या दिशेला साधारण १०० मीटर वेगाने सरकते आणि फिरण्याच्या दिशेला २३० मीटर वेगाने फेकली जाते. दोन्ही मिळून सेकंदाला २५० मीटर, म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. काठाच्या रेषेशी ती जेमतेम २३ अंशांचा कोन करून निघते.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, मोटरने त्या हवेला दिलेल्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा या क्षणी प्रेशरच्या रूपात नसते, नुसत्या वेगाच्या रूपात असते. हा वेग हळूहळू उतरवून त्याचं प्रेशर करण्याचं काम डिफ्यूझरचं. ते जमलं नाही तर तुम्ही वीज देऊन नुसती गरम हवा विकत घेता.

दुसरी, बाहेर सरकण्याचा वेग हवेच्या प्रमाणावर अवलंबून असतो, तर फेकण्याचा वेग मुख्यतः फेऱ्यांवर. मागणी कमी झाली की पहिला घटतो, दुसरा उलट थोडा वाढतो. नमुन्यातल्या इंपेलरमधून साठ टक्केच हवा जाऊ लागली तर २३ अंशांचा कोन १३ अंशांवर येतो. हवा आता जवळजवळ काठालाच चिकटून फिरते. साध्या, बिनपात्याच्या डिफ्यूझरमध्ये सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी ओलांडायला तिला आधी १५ सेंटिमीटर चालावं लागत होतं, आता २६ सेंटिमीटर चालावं लागतं. तेही भिंतींना घासत आणि वाढत्या प्रेशरच्या विरुद्ध. भिंतीलगतची दमलेली हवा एका क्षणी थांबते, मग मागे फिरते. सर्जची सुरुवात इथे होते.

(सुटणारी हवा सगळीकडे सारखी नसते, हेही खरं. दोन पात्यांमधल्या एका बाजूला वेगवान झोत असतो आणि दुसऱ्या बाजूला संथ हवेचा खिसा. जर्मनीत एकार्ट या संशोधकांनी १९७०च्या दशकात लेझरने हे मोजून दाखवलं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की इंपेलरचा काठ आणि डिफ्यूझरची पाती यांच्यामधलं अंतर कंपनीने विचार करून ठेवलेलं असतं. ओव्हरहॉलमध्ये त्याला कुणाला हात लावू देऊ नका.)

डिफ्यूझर कोणता मागायचा?

- बिनपात्याचा : कार्यक्षमता किंचित कमी, पण मागणीतला चढउतार बऱ्यापैकी सोसतो. धूळही याला कमी बाधते.
- पात्यांचा : ठरलेल्या प्रमाणाला सर्वांत कार्यक्षम. मात्र हवेचा कोन दहा अंशांनी बदलला की पात्याच्या तोंडाशी ती सुटते आणि सर्ज लवकर येतो.
- विरळ, आखूड पात्यांचा : दोन्हींच्या मधला.

तुमची मागणी चोवीस तास जवळजवळ सारखी असेल तर पात्यांचा घ्या. तिसऱ्या शिफ्टला निम्मी खाती बंद राहत असतील तर कोटेशनमधला कार्यक्षमतेचा मोठा आकडा पाहून भुलू नका. तो आकडा एका बिंदूचा असतो आणि तुमचं मशीन त्या बिंदूवर दिवसातून किती तास असेल, हे विक्रेत्याला माहीत नसतं. तुम्हाला असतं.

सर्ज ओळखायचा कसा

हवा उलटी फिरते, लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग ती पुन्हा पुढे जाते, पुन्हा अडते. हे सेकंदाला एक-दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा घडू शकतं. लक्षणं अशी :

- खोल, धापा टाकल्यासारखा ‘धुप्-धुप्’ आवाज
- अँपिअर मीटर आणि डिस्चार्ज प्रेशरचा काटा एकाच तालात हलणं
- सक्शन फिल्टरच्या बाजूने गरम हवेची फुंकर येणं
- कंट्रोलरच्या नोंदीत सर्जचा आकडा वाढणं

एखाद-दुसऱ्या सर्जने मशीन मरत नाही. कंट्रोलर लगेच ब्लो-ऑफ (जास्तीची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतो. पण दर दुपारी चार-चार वेळा सर्ज होऊ दिला तर थ्रस्ट बेअरिंगवर प्रत्येक वेळी उलटसुलट धक्का बसतो आणि आत फिरत राहिलेली तीच ती हवा तापत जाते. ‘आपोआप रीसेट होतं ना, मग चालू दे’ हा ऑपरेटरचा शेरा लॉगबुकात दिसला तर तिथेच थांबवा.

याच्या उलट टोकाला चोक असतो. लाइन प्रेशर फार पडलं आणि हवा धो-धो वाहू लागली की डिफ्यूझरच्या अरुंद भागात ती ध्वनीच्या वेगाला पोचते, त्यापुढे प्रमाण वाढत नाही. हवेच्या मशीनला याचा मोठा धोका नसतो. मोठी गळती किंवा जास्तीची मागणी शोधा, पुरे.

मग दुपारीच का?

सेंट्रिफ्युगल मशीन प्रेशर देत नाही, पट देतं. आत येणाऱ्या हवेचं प्रेशर किती पटीने वाढवायचं, एवढंच त्याला कळतं. आणि पट गाठायची त्याची ताकद आत येणाऱ्या हवेच्या तापमानावर ठरते. गरम हवा दाबायला जड जाते.

वरच्याच इंपेलरचा हिशेब पाहा. फेरे तेच, काम तेच. आत येणारी हवा १५ अंशांची असेल तर एक टप्पा तिला सुमारे २ पट दाबतो, ४२ अंशांची असेल तर १.८९ पट. फरक क्षुल्लक वाटतो. तिन्ही टप्प्यांत अशीच हवा गेली असं धरा आणि गुणाकार करा : ८ पट आणि ६.८ पट. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात जाणारी हवा बाहेरची नसते, इंटरकूलरमधून आलेली असते. पण मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीही गरमच असतं, त्यामुळे तिन्ही टप्पे एकदम सुस्तावतात.

आता दुसरी बाजू, तुम्ही मशीनकडून किती पट मागता. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर १.०१३ बार असतं. तिथे सात बार गेज हवेसाठी ७.९ पट लागते. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचं प्रेशर ०.९५ बारच्या आसपास. तेच सात बार मिळवायला ८.४ पट. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांचीही तीच गत. त्यात सक्शन फिल्टर चोंदून ५०० मिमी पाण्याइतका, म्हणजे सुमारे ०.०५ बारचा अडथळा झाला तर पुण्यातच ८.८५ पट लागेल.

म्हणजे दुपारी मशीनची ताकद उतरते आणि चोंदलेल्या फिल्टरमुळे ओझं मात्र चढलेलं राहतं. हवा मग आपसूकच कमी जाते, कोन चपटा होतो आणि डिफ्यूझर हात टेकतो. इंपेलरचा यात काही दोष नाही.

हिवाळ्यात याच्या उलट होतं. थंड, जड हवा जास्त आत येते आणि मोटर अँपिअरच्या मर्यादेला लागते. ‘डिसेंबरमध्ये मोटर गरम का होते?’ हा प्रश्नही यायचाच, म्हणून सांगून टाकतो : मोटर ठीक आहे, आयजीव्ही (सक्शनच्या तोंडाशी असलेली, वळवता येणारी पाती) थोडा आवळून चालवा.

तपासणी या क्रमाने करा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, शेवटी खर्चाचं. सर्व्हिस इंजिनिअर बहुधा उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

१. लाइन प्रेशर खरंच किती लागतं? सात किलोचं सेटिंग अनेकदा वीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं असतं. शेवटच्या यंत्राला ५.५ लागत असतील तर सेटिंग ६.३वर आणून पाहा. पुण्यात ८.४ची पट ७.६५वर येते. एका पैशाचा खर्च न करता सर्जपासून एवढं दूर नेणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

२. सेन्सर कुठे बसवलाय? तो ड्रायर आणि लाइन फिल्टरच्या पुढे असेल तर त्यांचा सगळा अडथळा मशीनच्या माथी येतो. पॅनलवर ६.५ दिसतात आणि मशीन ७.२ उचलत असतं. मशीनच्या डिस्चार्जवरचा गेज स्वतः वाचा.

३. सक्शन फिल्टर. त्यावरचा प्रेशर ड्रॉप दर आठवड्याला लिहा. फिल्टर ‘दिसायला काळा’ झाला म्हणून बदलू नका आणि दिसायला बरा आहे म्हणून ठेवूही नका, आकडा पाहा.

४. इंटरकूलर. बाहेर येणारी हवा आणि आत जाणारं पाणी यांच्या तापमानातला फरक मोजा. चांगल्या कूलरला तो ८ ते १० अंश असतो. १५च्या वर गेला तर नळ्यांत क्षार साचलेत. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे सर्वांत आधी बघावं.

५. कूलरचे ड्रेन. पावसाळ्यात कोकणातल्या ३० अंशांच्या दमट हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये २७ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. दोन हजार सीएफएमचं मशीन ताशी सुमारे ९० लिटर पाणी वाफेच्या रूपात आत ओढतं, आणि त्यातलं बहुतेक कूलरमध्ये गळून पडायला हवं. ड्रेन तुंबला की ते पाणी पुढच्या इंपेलरवर आदळतं. पात्यांची तोंडं अशी खाल्ली जातात.

६. आयजीव्ही आणि ब्लो-ऑफ. पॅनल ४० टक्के दाखवतो, प्रत्यक्षात पाती तेवढी वळलीत का? लिंकेजमधली ढिलाई डोळ्यांना दिसते. ब्लो-ऑफ झटकन उघडतो का, बंद असताना गळतो का, तेही पाहा.

७. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मशीन थांबवल्यावर शाफ्ट उलटा फिरत असेल तर व्हॉल्व्ह धरत नाही. हे त्याच दिवशी दुरुस्त करायचं काम आहे, उलट्या फिरण्याने बेअरिंगं जातात.

८. सर्जची सेटिंग. बहुतेक पॅकेजमध्ये मोटरच्या किमान अँपिअरवर थ्रॉटल लिमिट ठरवलेली असते. ती हिवाळ्यात साइटवर मोजलेली असेल तर उन्हाळ्यात चुकते. वर्षातून दोनदा, ऋतू बदलला की, प्रत्यक्ष सर्ज टेस्ट करून ती परत बसवून घ्या.

९. इथवर सगळं बरं असेल तरच मशीन उघडा. इंपेलर आणि त्याच्यासमोरच्या कव्हरमधली फट मोजा. ती वाढली की पात्यांच्या माथ्यावरून हवा मागे झिरपते. डिफ्यूझरवर धूळ-तेलाचा थर आहे का पाहा. साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने निघतो. सॅंडपेपर लावू नका.

ही यादी ऑपरेटरच्या केबिनमध्ये चिकटवायला हरकत नाही.

बिल खाली का येत नाही

दोन हजारच्या मशीनला तेराशेची मागणी. आयजीव्ही आवळून मशीन साधारण पंधरा-सोळाशेपर्यंत येतं. त्याखाली गेलं तर डिफ्यूझरमधली हवा सुटायला लागेल, म्हणून कंट्रोलर तिथेच थांबतो आणि उरलेली हवा ब्लो-ऑफमधून आकाशात सोडतो. ती हवा तिन्ही टप्प्यांतून दाबून, थंड करून, पूर्ण पैसे मोजून बनवलेली असते. त्यामुळे अँपिअर हलत नाहीत.

हिशेब करा. सात किलोच्या हवेला दर १०० सीएफएममागे ढोबळमानाने १७ किलोवॉट लागतात. ३०० सीएफएम ब्लो-ऑफ म्हणजे ५१ किलोवॉट. वर्षाला ६,००० तास चाललं तर ३ लाख ६ हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी साडेचोवीस लाख रुपये सायलेन्सरमधून गेले. आणि त्या सायलेन्सरखालून रोज सगळे जातात, आवाजाची तक्रारही करतात.

पर्याय तीन आहेत :

- स्क्रू कॉम्प्रेसर जोडा. स्थिर मागणी सेंट्रिफ्युगलवर टाका आणि चढउतार व्हीएफडी स्क्रूवर सोडा. माझं मत विचाराल तर मध्यम कारखान्याला हाच मार्ग. सेंट्रिफ्युगलला खालीवर करायला लावणं हे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे.
- लोड-अनलोड मोड चालू करा. मागणी बराच वेळ कमी राहिली तर मशीन ब्लो-ऑफवर रेंगाळण्याऐवजी पूर्ण अनलोड होतं आणि वीज बरीच उतरते. यासाठी मोठा रिसीव्हर लागतो, नाहीतर ते मिनिटामिनिटाला लोड-अनलोड होत राहील. एचटी मोटर पूर्ण बंद-चालू करण्याचा मोह मात्र टाळा.
- दोन-तीन सेंट्रिफ्युगल असतील तर एकत्रित कंट्रोलर बसवा. तो नसेल तर तिन्ही मशीनं अर्धवट आवळलेली आणि तिन्ही थोडी-थोडी ब्लो-ऑफ करत असलेली आढळतात.

सक्शनला साधा बटरफ्लाय व्हॉल्व्ह असलेलं जुनं मशीन असेल तर आयजीव्ही बसवण्याची चौकशी करा. त्याची पाती हवेला फिरण्याच्या दिशेला आधीच वळण देतात. इंपेलरवरचं काम घटतं, काही टक्के वीज वाचते आणि सर्जची रेषाही थोडी मागे सरकते.

नवं मशीन घेताना

सर्वांत मोठा खड्डा एककांचा आहे. एक विक्रेता सीएफएम देतो, दुसरा नॉर्मल घनमीटर. नॉर्मल म्हणजे शून्य अंश आणि समुद्रसपाटीचं प्रेशर. पुण्यात ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना १,००० नॉर्मल घनमीटर कोरडी हवा हवी असेल तर मशीनला १,२५० घनमीटर हवा ओढावी लागते. हा पंचवीस टक्क्यांचा फरक न पाहता कोटेशनांची तुलना केली तर स्वस्त वाटलेलं मशीन लहान निघतं. आणि ‘पुढे वाढ होईल’ म्हणून मुद्दाम मोठं घेतलं तर ते जन्मभर ब्लो-ऑफ करत बसतं. दोन्हींत मला मोठं मशीन जास्त महाग पडलेलं दिसतं.

चौकशीपत्रात हे लिहा :

- जागेची उंची, उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं हवेचं तापमान, आर्द्रता, कूलिंग वॉटरचं मे महिन्यातलं तापमान
- किमान, सरासरी आणि कमाल मागणी, प्रत्येकी दिवसाचे किती तास. आठवडाभर फ्लो मीटर लावून मोजा. अंदाजावर कोटी-दीड कोटीचा निर्णय घेऊ नका.
- आजूबाजूची हवा. तारापूर, महाड, लोटे यांसारख्या रासायनिक वसाहतींत आम्लवाफा सक्शनमध्ये येतात आणि कूलरच्या पाण्यात मिसळून डिफ्यूझर व इंपेलर खातात.

विक्रेत्याकडून हे मागा :

- उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही परिस्थितींतले कामगिरीचे आलेख, त्यावर सर्जची रेषा आणि कंट्रोलची रेषा काढून. एकच आलेख दिला तर तो बहुधा सोयीच्या तापमानाचा असतो.
- शंभर, नव्वद, ऐंशी आणि सत्तर टक्के प्रमाणाला पॅकेजची वीज, नुसत्या शाफ्टची नव्हे. तेलपंप आणि पंखे धरून.
- आलेखातलं प्रमाण सक्शनला मोजलेलं की डिस्चार्जला? सीलमधून गळणारी हवा कुणाच्या हिशेबात?
- चाचणी कोणत्या मानकाने, टॉलरन्स किती? आयएसओ १२१७ हे स्क्रू आणि पिस्टनसारख्या मशीनांचं मानक आहे. टर्बो मशीनसाठी आयएसओ ५३८९ किंवा सोपी स्वीकृती चाचणी म्हणून आयएसओ १८७४०.
- कंट्रोलरचा पासवर्ड आणि सगळ्या नोंदी तुमच्या ताब्यात. कराराआधी हे लिहून घेतलं नाही तर नंतर मिळत नाही.

पायपिंगबद्दल एकच : ब्लो-ऑफची वाट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या आधी काढलेली असावी आणि मशीन ते नॉन-रिटर्न ही लांबी कमीत कमी. कॉम्प्रेसर रूम दूर बांधून तो व्हॉल्व्ह रिसीव्हरपाशी बसवला की सर्ज झाल्यावर मधल्या पाइपातली सगळी हवा इंपेलरवर उलटते.

इंपेलर बदलायला सांगितला तर

आधी फोटो आणि मोजमापं मागा. पात्यांची झीज, तडा, गंज दिसतोय का? तड्यासाठी डाय पेनिट्रंट चाचणीचा अहवाल हवा. तडा असेल तर चर्चा नको, बदला. नुसती धूळ आणि फट असेल तर इंपेलर बहुधा वाचतो.

मूळ कंपनीऐवजी स्थानिक वर्कशॉपकडून नकल करून घ्यायचा विचार असेल तर काठावरचा हिशेब आठवा. नमुन्यातल्या इंपेलरमध्ये पात्याच्या झुकावावरून काढलेला फेकण्याचा वेग २७२ मीटर येतो, प्रत्यक्षात मिळतो २३०. हवा पात्याचं पूर्ण ऐकत नाही, थोडी मागे घसरते. ही घसरण पात्यांची संख्या आणि शेवटचा कोन यांवर अवलंबून असते. नकलेत तो कोन किंवा काठाची रुंदी थोडी चुकली तरी हवा डिफ्यूझरच्या पात्यांवर वेगळ्या कोनात येते. मशीन फिरेल, व्हायब्रेशनही ठीक असेल, आणि सर्ज मात्र पूर्वीपेक्षा लवकर येईल. मग वर्कशॉप म्हणेल आमचं बॅलन्सिंग बघा, चोख आहे. खरंच असेल.

म्हणून नकल करणाऱ्याकडून चार कागद घ्या : मूळ आणि नव्या इंपेलरच्या मोजमापांची तुलना, धातूचं प्रमाणपत्र, बॅलन्सिंगचा अहवाल आणि ओव्हरस्पीड चाचणी. एपीआय ६१७ या मानकात कमाल सततच्या वेगाच्या ११५ टक्के वेगाने किमान एक मिनिट फिरवायला सांगितलंय. एवढ्या वेगाने फिरणारा धातूचा गोळा फुटला तर काय होतं, याचा विचार करून पैसे वाचवा.

तुमचे हक्क

- माल तपासण्याचा हक्क. १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम ४१ खरेदीदाराला माल कराराप्रमाणे आहे का हे तपासायची वाजवी संधी देतं. कमिशनिंगच्या चलनावर ‘समाधानकारक’ लिहून सही करण्याआधी ती वापरा. सर्ज टेस्ट आणि ब्लो-ऑफची वेळ समोर उभं राहून बघा.
- उपयोगाला योग्य असण्याची हमी. याच कायद्याच्या कलम १६नुसार तुम्ही उपयोग सांगितला असेल आणि विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबला असाल तर माल त्या उपयोगाला योग्य असायला हवा. उंची आणि उन्हाळ्याचं तापमान चौकशीपत्रात लिहायचं ते यासाठीसुद्धा. ब्रँड आणि मॉडेल तुम्हीच ठरवून मागितलं असेल तर हा मुद्दा लंगडा पडू शकतो.
- ग्राहक आयोगाची आशा धरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल वगळलेला आहे. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण असं मशीन घेणारा कारखाना त्यात क्वचितच बसेल. तुमचं खरं संरक्षण पर्चेस ऑर्डरच्या अटींत आहे. हमीचे बिंदू, कमी पडल्यास दंड आणि साक्षीने चाचणी या तिन्ही गोष्टी तिथे हव्यात.
- पंधरा दिवसांची मुदत. वर्कशॉप सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेलं असेल तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मालाबद्दल हरकत असेल तर ती डिलिव्हरीपासून पंधरा दिवसांत लेखी द्या. तोंडी तक्रारीची या मुदतीसाठी दखल घेतली जात नाही. इंपेलर येऊन स्टोअरमध्ये महिनाभर पडून राहिला आणि बसवल्यावर चूक कळली, तर मुदत तेव्हाच संपलेली असते. आल्याच्या आठवड्यात मोजून घ्या.

या आठवड्यात एक काम करा. दुपारी तीन वाजता कॉम्प्रेसर रूममध्ये जा आणि पाच आकडे लिहून घ्या : मशीनचं डिस्चार्ज प्रेशर, सक्शन फिल्टरचा ड्रॉप, प्रत्येक टप्प्यात शिरणाऱ्या हवेचं तापमान, मोटरचे अँपिअर आणि ब्लो-ऑफ किती टक्के उघडा आहे ते. हेच आकडे पहाटे पाच वाजता पुन्हा घ्या. हे दोन रकाने समोर नसतील तर इंपेलरच्या कोणत्याही कोटेशनवर सही करू नका.